पास्तेलेसमधलं डुक्कर कुठे कुठे लपलेलं असतं

प्रश्न : ताई, डिसेंबरात लेकीकडे ऑरलँडोला चाललेय. जावई प्युर्टो रिकोचे, आणि त्यांच्याकडे नाताळला पास्तेलेस म्हणजे आपल्याकडची दिवाळीची चकलीच, झाल्याशिवाय सण नाही. विहीणबाई दोन दिवस बसून डझनांनी करतात, कंदमुळं नि कच्ची केळी किसून, आत डुकराचं मांस, केळीच्या पानात बांधून उकडायचं. लेक दोन वर्षं व्हिगन आहे, तिच्या ताटात नुसता भात पडतो. गेल्या वर्षी तिने मांसाऐवजी सोया चंक्स भरून बघितले तर कोरडे ठणठणीत झाले, आणि करताना पीठ चाखलं तर घसा खाजला तो वेगळाच. काय चुकलं? आणि विहीणबाईंना वाईट वाटेल असं काही नको. – एक वाचक, कोथरूड

उत्तर : काकू, सोयाचा दोष नाही हो (तसा आहे थोडा, मला ते चंक्स कशातच आवडत नाहीत), पण खरी गंमत अशी की पास्तेलेसमध्ये डुक्कर फक्त सारणात नसतं. ते पिठातही असतं, कारण पीठ चरबी घालून मळतात, शिवाय मांस शिजवलेलं पाणी घालून सैल करतात, आणि पानालाही तीच रंगीत चरबी पुसतात. म्हणजे सारण बदललं आणि पिठातली चरबी नि पाणी नुसतं काढून टाकलं की उरतो काय तर केळ्याचा नि कंदाचा कोरडा किस. तुमच्या लेकीचं बहुतेक हेच झालं. तेव्हा आधी पिठाकडे बघा, सारण नंतर.

दहा-बारा पास्तेलेससाठी किलोभर हिरवी कच्ची केळी, अर्धा किलो याउतीया, एक हिरवं प्लँटेन (शिजवूनच खायचं मोठं केळं) आणि लाल भोपळ्याची फोड. याउतीया म्हणजे आपल्या अळकुड्यांचा चुलत भाऊ, तिकडच्या दुकानात मलांगा म्हणूनही मिळतो. घसा खाजला तो त्याच्यामुळे, अळू कच्चं राहिलं की होतं तेच. म्हणून कच्चं पीठ जिभेवर ठेवायचंच नाही, मीठ बघायचं तर चमचाभर पीठ तव्यावर भाजून मग चाखा. सोलताना हाताला तेल लावा, केळ्याच्या चिकासाठीही ते बरं, आणि सोललेली केळी लगेच मिठाच्या पाण्यात टाका नाहीतर काळी पडतात.

किसायला जुन्या बायका गुआयो नावाची पत्र्याची किसणी घेतात, अर्धं काम नि बोटांची सालं त्यातच जातात. मिक्सर चालतो, फक्त पाणी न घालता. मी न्यू जर्सीला राहायचे तेव्हा शेजारच्या प्युर्टो रिकन आजींकडे हे शिकले आणि पहिल्याच वेळी शहाणपणा करून मिक्सरमध्ये वाटीभर पाणी ओतलं, पास्तेलेस पातेल्यात गेले नि बाहेर आली ती खळ, आजी पानाला चिकटलेला लगदा बोटाने चाटून बघत राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या की मीठ बरोबर आहे.

आता चरबीच्या जागी काय, तर आचिओते. आपल्याकडे ज्याला शेंदरी म्हणतात त्याच झाडाच्या बिया. अर्धी वाटी तेलात दोन चमचे बिया अगदी मंद आचेवर चार-पाच मिनिटं, तेल केशरी झालं की गाळून घ्यायचं, बिया काळ्या पडल्या तर तेल कडू होतं, टाकून द्या. हे तेल कंजूषपणा न करता पिठात घाला आणि मांसाच्या पाण्याऐवजी घरी शिजवलेल्या छोल्यांचं पाणी, थोडं थोडं करत. पीठ इडलीच्या पिठापेक्षा घट्ट, पळीतून धपकन पडेल असं हवं. थोडं तेल पानांना पुसायला ठेवा.

सारणात छोले, ऑलिव्ह, केपर्स (खारवलेल्या छोट्या कळ्या), बेदाणे, भाजलेली लाल मिरची हे मूळच्या पदार्थातही असतंच, तेव्हा तुम्ही नवीन काहीच आणत नाही आहात. मांसाची जागा भरायला बारीक चिरलेले मशरूम आणि फणसाची कुयरी, तिकडे डब्यातली मिळते, साखरेच्या पाकातली नको मिठाच्या पाण्यातली घ्या. सोफ्रितो म्हणजे कांदा, लसूण, गोडसर मिरच्या आणि रेकाओ नावाची लांब पानाची उग्र कोथिंबीर, हे वाटण आधी परतून त्यात सगळं पाणी आटेपर्यंत शिजवायचं. तयार मसाल्याची पुडी वापरणार असाल तर मागे वाचा, काहींत हॅमची चव असते.

बांधायचं तुम्हाला शिकवायला नको, पानगी केलेल्या हाताला ते येतं. पान गॅसवर शेकून मऊ करा, खाली बेकिंगचा कागद, पानाला तेल, त्यावर पीठ पातळ थापून मध्ये सारण, मग कागदासकट घडी घालून पीठ मिटवा, टोकं आत दुमडा. आणि आता मजा बघा, दोन पास्तेलेस घडीच्या बाजू समोरासमोर ठेवून एका दोऱ्याने बांधतात, त्या जोडीला म्हणतात युंता, म्हणजे शब्दशः बैलजोडी! दोरा घट्ट हवा. खारट उकळत्या पाण्यात तासभर, मध्ये एकदा उलटवा, काढल्यावर दहा मिनिटं थांबा म्हणजे सेट होतात.

लेकीच्या युंताला वेगळ्या रंगाचा दोरा बांधा आणि पातेलं वेगळं ठेवा. जोडीला गांदुलेस घातलेला भात असतो, गांदुलेस म्हणजे ओल्या तुरीचे दाणे, पण त्यातही बऱ्याचदा हॅम किंवा डुकराची चरबी असते, विचारून घ्या. विहीणबाईंच्या मनाचं म्हणाल तर त्यांच्या शेजारी किसायला तुम्हीच बसा ना, किस एकच, फक्त चरबी-पाणी घालायच्या आधी लेकीचं पीठ बाजूला काढा, सारण नि उकडायची पातेली दोन, बाकी काम एकच.

प्रश्न : ताई, हे नाशकात करता येईल का? आणि युका म्हणजे साबुदाण्याचा कंद घातलेले पास्तेलेसही असतात ना? – आणखी एक वाचक

उत्तर : असतात, आणि ते चवीला जरा चिवट-मऊ, मला जास्त आवडतात. केरळी दुकानात कप्पा म्हणून तो कंद मिळतो. साल जाडसर काढा, मधली दोरीसारखी शीर काढा आणि कच्चा अजिबात खाऊ नका, त्यात विषारी घटक असतो, नीट शिजला की प्रश्न नाही. साबुदाणा भिजवून वाटला तर चालेल का असं कोणी विचारायच्या आत सांगते, नाही चालणार, ते नुसतं स्टार्च. याउतीयाऐवजी अळकुड्या आणि प्लँटेनऐवजी राजेळी केळं, कच्चं. शेंदरी नाही मिळाली तर तेलात थोडी काश्मिरी मिरची नि हळद, रंग येतो, चव नाही.

आणि हो, वर केचप घ्यायचं की नाही यावरून तिकडे घराघरात भांडणं होतात. कोथरूडच्या काकू, विहीणबाई काय करतात ते आधी बघा, मगच बाटलीला हात लावा.