पीसीएनएलच्या आधी घेतलेल्या उरलेल्या कॅप्सूल

नमस्कार. आपल्या वडिलांच्या डाव्या मूत्रपिंडात २२ मिलिमीटरचा खडा आहे, पुढच्या आठवड्यात पीसीएनएल, म्हणजे पाठीतून छोट्या छिद्रावाटे खडा फोडून काढण्याची शस्त्रक्रिया, ठरले आहे, आणि शस्त्रक्रियेनंतर दहा दिवसांचा ‘स्ट्राँग’ अँटिबायोटिकचा कोर्स डॉक्टरांकडून मागून घ्यावा का, असे आपण विचारले आहे. जाता जाता आपण असेही लिहिले आहे की, लघवीला जळजळ होते म्हणून वडील घरात उरलेल्या जुन्या गोळ्या घेत आहेत. ते वाक्य वाचून मला राहवले नाही, कारण तीन वर्षांपूर्वी मीही हेच केले होते. मी डॉक्टर नाही, निवृत्त शिक्षक आहे, आणि माझ्या प्रकृतीला जे लागू पडले ते आपल्या वडिलांना पडेलच असे नाही. तरीही सविस्तर लिहितो.

शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधी मला जळजळ सुरू झाली. फ्रिजवरच्या डब्यात नायट्रोफ्युरँटॉइन या लघवीच्या संसर्गावरच्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूलची अर्धी स्ट्रिप पडून होती, आदल्या वर्षी उरलेली. तीन दिवस घेतल्या, जळजळ थांबली आणि चौथ्या दिवशी मी कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, लघवी देऊन आलो. बाटलीतली लघवी गडद पिवळी, जवळजवळ तपकिरी दिसत होती. या औषधाने रंग असा बदलतो, हे मला ठाऊक नव्हते, आणि बाटली घेणाऱ्या मुलानेही कोणते औषध चालू आहे का, असे विचारले नाही. कल्चरमध्ये जंतूंची वाढ नाही, असा अहवाल आला आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो.

त्या अहवालाचा अर्थ मला नंतर समजला. नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत भरपूर उतरते, पण मूत्रपिंडाच्या पेशीजालात त्याची पुरेशी मात्रा पोहोचत नाही. त्यामुळे मूत्राशयातली लघवी स्वच्छ झाली, मात्र खड्याच्या आत दडलेले जंतू जागच्या जागी राहिले. शस्त्रक्रियेत खडा फोडला जातो तेव्हा ते जंतू आणि त्यांचे विष मोकळे होते, आणि आत सोडलेल्या पाण्याच्या दाबाने ते रक्तात शिरू शकते. म्हणूनच अँटिबायोटिकचे प्रतिबंधक इंजेक्शन शस्त्रक्रियेच्या आधी, साधारण तासाभरात देतात, म्हणजे खडा फुटतेवेळी औषध रक्तात असते. मला ते वेळेवर मिळाले होते, परंतु माझे जंतू त्या जातीच्या इंजेक्शनांना दाद देणारे नव्हते. कॅप्सूल घेण्याआधी कल्चर झाले असते, तर हे आधीच कळले असते.

मंगळवारी शस्त्रक्रिया झाली, गुरुवारी घरी आलो आणि शुक्रवारी रात्री अशी हुडहुडी भरली की दोन गोधड्या घालूनही लोखंडी पलंग हलत होता. ताप १०३ होता. पुन्हा भरती झालो आणि आधीचेच इंजेक्शन सुरू झाले. सर्जननी शस्त्रक्रियेच्या वेळी खड्याचा तुकडाही कल्चरला पाठवला होता, आणि त्याचा अहवाल शनिवारी दुपारी प्रयोगशाळेत तयार होता. माझा मुलगा तिथे गेला, तेव्हा खिडकीवरच्या माणसाने मूळ पावतीशिवाय अहवाल मिळणार नाही, असे सांगितले. पावती रुग्णालयाच्या फायलीत होती आणि फाईल बिलिंग विभागात कुलूपबंद होती. वडील तापाने फणफणले आहेत, निदान डॉक्टरांना फोनवर वाचून तरी दाखवा, असे त्याने परोपरीने विनवले. उत्तर एकच, सोमवारी या. सोमवारी अहवाल हाती आला, मेरोपेनेम हे दुसऱ्या जातीचे अँटिबायोटिक सुरू झाले आणि बुधवारी ताप उतरला. ते दोन दिवस आठवले की आजही माझा संताप होतो. रुग्णाचा जंतूंचा अहवाल म्हणजे वाण्याकडची उधारीची चिठ्ठी नव्हे. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक तपासणीच्या पावतीचा फोटो मी मोबाइलमध्ये ठेवतो, आपणही ठेवावा.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. माझे स्पष्ट मत असे की, नंतरचा लांबलचक कोर्स मागू नये. युरोपियन असोसिएशन ऑफ युरॉलॉजी या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही पीसीएनएलसाठी शस्त्रक्रियेआधी एक मात्रा सुचवलेली आहे, अर्थात लघवीत जंतुसंसर्ग असल्यास त्यावर आधी उपचार करूनच. मधुमेह, वारंवार होणारा संसर्ग, फार मोठा खडा किंवा लघवीसाठी आधीपासून घातलेली नळी असेल, तर डॉक्टर वेगळा निर्णय घेऊ शकतात, आणि तो त्यांचाच असावा. मूत्रपिंड मंद चालत असेल तर मात्राही बदलते. उगाच घेतलेल्या औषधाने जंतू अधिक निगरगट्ट होतात, एवढे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगेन.

लघवीची साधी तपासणी म्हणजे कल्चर नव्हे, याची कृपया खात्री करून घ्यावी. कल्चरला दोन ते तीन दिवस लागतात. मधल्या धारेची लघवी निर्जंतुक बाटलीत घेऊन तासाभरात पोहोचवावी, उशीर होणार असेल तर ती फ्रिजमध्ये ठेवावी, आणि अलीकडे घेतलेले प्रत्येक औषध फॉर्मवर लिहावे. शस्त्रक्रियेनंतर डीजे स्टेंट, म्हणजे मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत आत ठेवलेली बारीक तात्पुरती नळी, असताना जळजळ, घाई आणि लालसर लघवी होऊ शकते, तेवढ्यावरून संसर्ग समजून गोळ्या घेऊ नयेत. पण थंडी वाजून ताप आला, तर ओपीडीची वाट न पाहता, रात्र असली तरी, थेट रुग्णालय गाठावे. स्टेंट काढण्याची तारीखही डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावी.

वडिलांना आत्ता ताप असेल किंवा कुशीत जोराची कळ येत असेल, तर हे सारे बाजूला ठेवून त्यांना आजच दाखवावे. तसे नसेल, तर ती स्ट्रिप हातात घेऊन आज संध्याकाळीच त्यांच्या सर्जनना फोन करावा आणि औषधाचे नाव, किती दिवस घेतले आणि कल्चरची लघवी त्याआधी दिली की नंतर, हे सांगावे. कल्चर पुन्हा करायचे का आणि शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलायची का, हे त्यांना त्यावरूनच ठरवता येईल.