शुगर असताना रोज एक झिरो कोल्ड्रिंक चालतं का? त्यानं कॅन्सर होतो म्हणतात ते खरं का?

तुम्ही लिहिलंय: वय ५२, सहा वर्षांपासून शुगर, गोळ्या चालू. उन्हाळ्यात रोज एक झिरो कोल्ड्रिंक घेत होतात, घरच्यांनी व्हॉट्सॲपवर काहीतरी वाचून ते बंद केलं आणि त्याऐवजी नैसर्गिक म्हणून दिवसातून चार-पाच वेळा गुळाचा चहा चालू केला. शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही. लातूरला माझं मेडिकल आहे. हा गुळाचा विषय काउंटरवर रोजच निघतो आणि आमच्या दाजींबरोबर तर त्यावरून जुनं भांडण आहे. म्हणून कोल्ड्रिंकचं आधी उरकतो.

चालतं. रोज एक छोटा कॅन, जेवणाबरोबर, रात्री उशिरा नको, कारण कोल्यात कॅफिन असतं. साध्या कोल्यात १०० मिलीला साडेदहा ग्रॅमच्या आसपास साखर, म्हणजे ३०० मिलीच्या कॅनमध्ये ३०-३२ ग्रॅम, सपाट सहा चमचे. झिरोत साखर शून्य, त्यामुळं त्यानं शुगर चढत नाही. गोडी येते ती ॲस्पार्टेम, ॲसेसल्फेम-के किंवा सुक्रालोजची. डब्यामागं बारीक अक्षरांत त्यांचे नंबर असतात: ९५० म्हणजे ॲसेसल्फेम-के, ९५१ ॲस्पार्टेम, ९५४ सॅकरिन, ९५५ सुक्रालोज, ९६० स्टीव्हिया. पुढच्या बाजूची हिरवी पानं बघण्यापेक्षा हे नंबर बघायची सवय लावा. 'नो ॲडेड शुगर' लिहिलेला ज्यूस म्हणजे झिरो नव्हे, फळाची साखर त्यात असतेच.

आता कॅन्सर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं जुलै २०२३ मध्ये ॲस्पार्टेम '२बी' या गटात टाकलं. २बी म्हणजे शक्यता नाकारता येत नाही, पण पुरावा तोकडा आहे. किती खाल्लं तर धोका, हे ती संस्था सांगतच नाही. ते काम दुसऱ्या समितीचं, आणि त्या समितीनं त्याच वेळी जुनी मर्यादा कायम ठेवली: वजनाच्या दर किलोमागं रोज ४० मिलिग्रॅम. तुमचं वजन ६० किलो धरलं तर २४०० मिलिग्रॅम. एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम धरलं तर रोज आठ ते बारा कॅन झाले. चहात टाकायच्या ॲस्पार्टेमच्या एका बारीक गोळीत १८ मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे रोज १३० गोळ्या. एवढ्या गोळ्या महिन्याभरात सुद्धा कुणी नेत नाही.

त्याच संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सर करतं हे सिद्ध झालेल्या गोष्टींत, तंबाखू आहे, दारू आहे आणि नुसती सुपारीही आहे. तोंडात गुटख्याची पुडी धरून झिरोनं कॅन्सर होतो असं सांगणारी माणसं माझ्या दुकानासमोर उभी असतात. त्यांना काय बोलणार?

सॅकरिनची भीती अजून जुनी. १९७० च्या दशकात उंदरांच्या मूत्राशयात गाठी दिसल्या, अमेरिकेत १९७७ पासून डब्यांवर इशारा छापावा लागला. पुढं कळलं की तो प्रकार नर उंदरांच्या लघवीच्या घडणीमुळं होतो, माणसात तसं होत नाही, आणि २००० मध्ये तो इशारा काढला. गंमत म्हणजे सॅकरिनला नावं ठेवणारे लोक गोड सुपारी खातात, तिची गोडी बहुतेकदा सॅकरिनचीच. जत्रेतल्या बर्फाच्या गोळ्यानंतर जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा रेंगाळला, तर ते बहुतेक सॅकरिनच.

वापरताना चुका होतात त्या उष्णतेच्या. ॲस्पार्टेम उकळलं की फुटतं आणि गोडी जाते. आपल्याकडं चहा दुधासकट दहा-दहा मिनिटं उकळतात. त्यात गोळी टाकली की चहा फिक्काच लागतो, मग माणूस अजून दोन टाकतो. गोळी चहा गाळून कपात आल्यावर टाकायची. टपरीवर 'फिक्का' सांगायचा आणि खिशातली डबी काढायची. झिरोच्या बाटलीचंही तेच. मे महिन्यात दुकानाबाहेर उन्हात क्रेट रचलेले असतात. त्यातली बाटली नुसती आंबट लागली तर ॲस्पार्टेम उन्हानं गेलं समजा. विष होत नाही, पण पैसे वाया. सुक्रालोज चहाची उष्णता सोसतं, तव्याची नाही. १२० अंशांच्या वर ते फुटून क्लोरीनची नको ती संयुगं होऊ शकतात, म्हणून पुरणपोळीच्या पुरणात सुक्रालोज घालून तव्यावर भाजायच्या भानगडीत पडू नका. त्यापेक्षा अर्धी पोळी खा, तूप घालून, आणि त्या जेवणातला भात सोडा.

आता मूळ मुद्दा. झिरोचा खरा धोका कुणी सांगत नाही, तो शुगर खाली गेल्यावरचा आहे.

गेल्या उन्हाळ्यात औसा तालुक्यात एक लग्न होतं. दाजींचे चुलते सकाळी इन्सुलिन घेऊन आलेले. मुहूर्त साडेबाराचा, लागलं दोनला, पंगत तीनला. अडीचच्या सुमारास म्हाताऱ्याला दरदरून घाम, हात थरथर, बोलणं अडखळतंय. आजूबाजूचे म्हणाले ऊन लागलं. कुणीतरी म्हणालं, 'शुगर लो झाली असंल, कोल्ड्रिंक पाजा'. बरोबर होतं ते. पण शुगरवाल्याला साधं कसं द्यायचं म्हणून पोरानं मुद्दाम काळा झिरोचा कॅन आणला. अख्खा पाजला, काही फरक नाही, कारण त्यात फरक पडण्यासारखं काही नव्हतंच. मग एका बाईनं ओआरएस दिलं. तेही नावापुरतं, कारण लिटरभर ओआरएसमध्ये ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम, मग पेलाभरात किती येणार? अडीच-तीन ग्रॅम. तेवढ्यात दाजींनी स्वयंपाकघरातून गुळाचा खडा आणून तोंडात भरवला.

मी गोळ्यांची पिशवी बघितली. त्यात व्होग्लिबोज होतं. ही गोळी आतड्यात साखर फोडणारं विकर अडवते. साखर असो की गूळ, दोन्हीतलं मुख्य द्रव्य सुक्रोज. ते फुटून त्याचं ग्लुकोज होईल तेव्हाच रक्तात जाणार. व्होग्लिबोज घेणाऱ्याला गूळ चारला तर शुगर चढते, पण उशिरा, आणि शुगर लो झालेल्या माणसाकडं तेवढा वेळ नसतो. अशा वेळी थेट ग्लुकोज लागतं. गावातल्या किराणा दुकानातून साधा पांढरा ग्लुकोजचा डबा आणला, चार चमचे अर्धा कप पाण्यात, घोट घोट करून पाजलं. पंधरा मिनिटांत म्हातारा 'पंगत बसली का' विचारायला लागला.

दाजी आजही चार माणसांत सांगतात की गुळाच्या खड्यानं वाचवलं. दाजी, गूळ आणि ग्लुकोज पाच मिनिटांच्या अंतरानं पोटात गेलं. त्यातलं कुठलं आधी रक्तात पोचलं हे औषधाच्या पुस्तकात छापलेलं आहे, त्यात मानापमानाचा प्रश्न नाही.

तर तुम्ही तुमच्या गोळ्यांची पाकिटं काढा आणि नावं वाचा. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर शुगर अशी खाली जात नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन असेल तर जाऊ शकते. एकाच गोळीत ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज तिन्ही असतात, तशा गोळ्या आपल्याकडं सर्रास चालतात. तुमची तीच असेल तर खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा, फ्लेवरची नको, काहींत साखर मिसळलेली असते. व्होग्लिबोज नसेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून किंवा साधं, साखरेचं कोल्ड्रिंक दीडशे मिली पुरतं. पंधरा मिनिटांनी मोजायचं, ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की पोळी-भाजी खायची, नाहीतर तासाभरात पुन्हा खाली. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, सरळ दवाखाना.

गुळाचं राहिलं. १०० ग्रॅम साखरेत ४०० कॅलरी, गुळात ३८० च्या आसपास. गुळात सुक्रोज ६५ ते ८५ टक्के, वर थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज आधीच सुटं. लोह असतं म्हणतात, असतं की. पण ५ ग्रॅमच्या चमच्यातून फार तर अर्धा मिलिग्रॅम मिळणार. त्यासाठी गूळ खायचा तर त्यापेक्षा मूठभर हरभरे खा. शिवाय गुळाची गोडी साखरेपेक्षा थोडी कमी लागते, म्हणून हात सैल सुटतो. घरच्या एका कपातला गूळ एकदा वजनकाट्यावर घालून बघा, ८-१० ग्रॅम सहज निघेल. पाच कप म्हणजे ४०-५० ग्रॅम. जो साधा कोला तुम्ही शुगर म्हणून कधी तोंडाला लावत नाही, त्याच्या सव्वा कॅनच्या आसपास साखर रोज पोटात चाललीय, आणि घरचे खूश की झिरो सुटलं. रसवंतीचंही तसंच. ऊस आपल्याच शेतातला असला तरी एका मोठ्या ग्लासात ३० ग्रॅमच्या पुढंच साखर.

'शुगर फ्री मिठाई'वर फार लिहीत नाही. खवा, तूप, काजू तसेच असतात आणि गोडीसाठी खजूर-अंजीर, म्हणजे साखरच. माल्टिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर चार-पाच तुकड्यांनी पोट बिघडतं आणि शुगरही थोडी चढतेच.

आता झिरोच्या बाजूनं एवढं बोललो म्हणून कुणी ते पाण्यासारखं पिऊ नये. कोला साधा असो की झिरो, आम्ल दोन्हीत जोरकस, दातांचं वरचं कवच झिजवतं. एक कॅन दिवसभर घोट घोट पुरवण्यापेक्षा एका बैठकीत संपवा, वर पाण्याची चूळ भरा, ब्रश अर्ध्या तासानं. वजन कमी होईल या आशेनं पीत असाल तर जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२३ मध्ये त्यासाठी गोड पर्याय वापरू नका असंच सांगितलंय. मात्र ती शिफारस आधीपासून शुगर असलेल्यांना लागू नाही, हे फॉरवर्ड करणारे गाळतात. जास्त झिरो पिणाऱ्यांत हृदयविकार जास्त दिसला असे अभ्यास आहेत, पण वजन-शुगर वाढलेली माणसंच झिरोकडं वळतात, त्यामुळं कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे त्यातून वेगळं काढता येत नाही. सॅकरिन आणि सुक्रालोजनं काही जणांत आतड्यातले जिवाणू आणि साखर पचवायची पद्धत बदलल्याचं २०२२ च्या एका प्रयोगात दिसलं. सगळ्यांत नाही, काहींत. एरिथ्रिटॉल या साखरेच्या आणखी एका पर्यायाबद्दल २०२३ मध्ये रक्ताच्या गुठळ्यांची शंका आली आहे, हृदयाचा त्रास असेल तर ते टाळाच. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांना ॲस्पार्टेम बंद. लहान पोरांना झिरो देऊ नका: १५ किलोच्या पोराची मर्यादा ६०० मिलिग्रॅम, म्हणजे दोन-तीन कॅनमध्ये संपते, आणि मुळात त्यांना ताक प्यायची सवय लागू द्या. गरोदर बाईनं सॅकरिन नकोच.

घरचे हे सगळं वाचून मानणार नाहीत, दाजीही मानत नाहीत. म्हणून मोजून दाखवा. सकाळी उपाशीपोटी शुगर मोजा, मग नेहमीचा दोन कप गुळाचा चहा घ्या, खारी-टोस्ट काही नको. तासानं पुन्हा मोजा. दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशीपोटी मोजा, मग तेच दूध, तेच दोन कप, गुळाऐवजी गाळल्यावर गोडीची गोळी. तासानं मोजा. नाश्ता आणि शुगरची गोळी दोन्ही दिवशी दुसऱ्या मोजणीनंतर लगेच. इन्सुलिन चालू असेल किंवा सकाळची शुगर ९० च्या खाली असेल तर हा प्रयोग करू नका. मोजण्याआधी हात धुऊन कोरडे करा, बोटाला गूळ लागलेला असला तर आकडा फुगलेला येतो आणि मग घरचे म्हणतील मशीनच खोटं. एकूण चार पट्ट्या लागतील. दाजी, तुम्ही करणार असाल तर पट्ट्या माझ्याकडून फुकट.