इमॅक्सक्लायंट (आधीच चालू असलेल्या इमॅक्स एडिटरमध्ये फाइल उघडणारी आज्ञा, emacsclient) हिचे पर्याय टीमसाठी लिहून ठेवताना एका ओळीचं वर्णन पुरेल का?

-सी (नवी फ्रेम, म्हणजे इमॅक्सची नवी खिडकी, उघडा) आणि -टी (चालू टर्मिनलमध्येच उघडा) यांना एक ओळ पुरेल. -एनला मात्र अजिबात नाही.

'-एन म्हणजे वाट पाहू नका' एवढंच लिहिलंत, तर टीममधलं कुणीतरी तो एडिटर व्हेरिएबलमध्ये (EDITOR: इतर प्रोग्रॅमनी कोणता एडिटर उघडायचा ते सांगणारी सेटिंग) घालणारच. मग गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवणारं साधन) कमिट, म्हणजे बदलांची नोंद, करताना क्लायंट लगेच परततो, गिटला वाटतं संदेश लिहून झाला, आणि संदेश रिकामा म्हणून कमिट रद्द होतं. त्यामुळे -एन नसताना काय होतं तेही लिहा: फाइलचं काम संपवून कंट्रोल-एक्स आणि मग # दाबेपर्यंत क्लायंट थांबून राहतो.

-ए (a) या पर्यायाचंही तसंच. सर्व्हर, म्हणजे आधीच चालू असलेला इमॅक्स, सापडला नाही तर दुसरा कोणता एडिटर उघडायचा, ते हा सांगतो. पण त्याला रिकामी स्ट्रिंग दिली, की इमॅक्सचा डीमन (पडद्यामागे चालणारा इमॅक्स) सुरू होऊन पुन्हा जोडणी केली जाते. माझ्या मते सगळ्यांत उपयोगी गोष्ट हीच, आणि अंदाजाने ती कुणाला कळणार नाही, उदाहरणासकट लिहा. -ई दिल्यावर पुढचे शब्द फाइलची नावं न राहता लिस्प (इमॅक्सची प्रोग्रॅमिंग भाषा) कोड ठरतात, हेही.