दगडावर उगवलेली तपकिरी बटणं

प्रश्न : ओळखीच्या एका गृहस्थांनी आपला खाऱ्या पाण्याचा टँक मोडला, तेव्हा त्यांच्याकडून लाइव्ह रॉकचे, म्हणजे समुद्री जीव वसलेले, काही दगड मी आणले. त्यातल्या एकावर आता तपकिरी-हिरवट बटणांसारखं काहीतरी पसरत चाललंय. एकेक बटण रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं लहान, कडेला आखूड तंतू. हात जवळ नेला की मिटतं. शेजारचं मश्रूम कोरल त्याखाली झाकलं जातंय. हे कुठलं प्रवाळ? दगड उकळून, ब्रशने घासून घेतला तर चालेल का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते थांबू शकत नाही. दगड उकळू नका. त्यावर गरम पाणी ओतू नका आणि ब्रश तर अजिबात लावू नका. तुमच्या वर्णनावरून हे झोॲन्थिड वाटतं, म्हणजे समुद्रफुलाच्या नात्यातला, वसाहत करून राहणारा जीव. त्यातही बहुधा पॅलिथोआ. या कुळातल्या काही जीवांत पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत जहाल विष असतं. दगड उकळला की ते वाफेबरोबर हवेत येतं, आणि घासताना त्याचे शिंतोडे डोळ्यांत जातात. परदेशात असे दगड स्वयंपाकघरात उकळल्यामुळे घरातली सगळी माणसं रुग्णालयात भरती झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत.

हे विष 1971 मध्ये हवाई विद्यापीठातल्या मूर आणि शॉयर यांनी पॅलिथोआतून वेगळं केलं. हवाईतल्या माउई बेटावरचे लोक हानाजवळच्या एका डबक्यातला हाच जीव भाल्याच्या टोकाला चोळत, अशी तिथली परंपरागत कथा आहे. आपल्या पेशींत सोडियम-पोटॅशियमची ने-आण करणारा पंप असतो. पॅलिटॉक्सिन त्यालाच चिकटतं आणि त्याचं दार उघडं ठेवतं. त्यावर उतारा नाही. डॉक्टर लक्षणांवर उपचार करतात, एवढंच.

आता ओळख. रंगावर जाऊ नका. टँकच्या निळ्या दिव्याखाली साधा तपकिरी जीवही हिरवा चमकतो. पांढरा दिवा लावा, टँकचा पंप थोडा वेळ बंद करा आणि काचेच्या बाहेरून भिंगाने बघा. बटणाच्या कडेला आखूड तंतूंच्या दोन ओळी एकाआड एक दिसल्या तर झोॲन्थिड नक्की. मग नजर खाली न्या, देठाकडे आणि बटणांना जोडणाऱ्या पापुद्र्याकडे. पॅलिथोआ वाळूचे कण आपल्या अंगात रुतवून घेतं, त्यामुळे तो भाग राखाडी आणि खरखरीत दिसतो. त्याचा धाकटा भाऊबंद झोॲन्थस वाळू घेत नाही, तो गुळगुळीत असतो. तरी वाळू दिसली नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. कुठल्या वसाहतीत विष किती, हे डोळ्यांना कळत नाही.

तंतू लांब, निमुळते, जवळजवळ पारदर्शक असतील आणि जीव एकएकटा उभा राहून झटकन बिळात शिरत असेल, तर तो एप्टेशिया, म्हणजे समुद्रफूल. तोही छाटू नका, मागे राहिलेल्या तुकड्यातून पुन्हा वाढतो. प्रत्येक पॉलिपला, म्हणजे वसाहतीतल्या एकेका जीवाला, पिसासारखे आठच तंतू असले तर ते मऊ प्रवाळ. आणि खाली चुन्याचा टणक सांगाडा, त्यात वाट्या दिसल्या तर ते कठीण प्रवाळ. त्याच्या सगळ्या जाती आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, तेव्हा विकणारा काहीही म्हणो, घेऊ नका.

मी प्राणिशास्त्र शिकवत असताना ओहोटीला विद्यार्थ्यांना हाजी अलीच्या खडकांवर न्यायचे. तिथे झोॲन्थिडचे गालिचे पसरलेले असतात, आणि मिटलेले पॉलिप बोटाने दाबून बघण्याचा मोह प्रत्येकाला होतो. तिथेही माझा पहिला नियम होता, हात लावायचा नाही.

दगड काढायचाच असेल तर तो पाण्याबाहेर कोरडा धरू नका. जाड हातमोजे, डोळ्यांना बंद चष्मा आणि तोंडावर मास्क हवाच. हाताला साधी चीर असेल तर हे काम दुसऱ्यावर सोपवा. झाकणाची बादली आधीच टँकच्या पाण्याने भरून ठेवा आणि दगड हळूच तिच्यात सरकवा. पंप तेवढा वेळ बंद असू द्या, मुलांना आणि मांजराला खोलीबाहेर ठेवा. दगड नको असेल तर बादलीत घरगुती ब्लीच घालून ती उघड्या हवेत, झाकण लावून ठेवा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा दुसरं काहीही मिसळू नका. तो दगड खाडीत, नदीत टाकू नका. टँकच्या फिल्टरमध्ये ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे पाण्यातलं विष शोषून घेणारा कोळसा, घाला.

काम झाल्यावर तोंडाला कडवट, धातूसारखी चव आली, थंडी वाजली, खोकला किंवा धाप लागली, अंग दुखलं किंवा डोळे चुरचुरले, तर वाट बघू नका. डोळे भरपूर पाण्याने धुवा, रुग्णालयात जा आणि तिथे ‘मत्स्यालयातल्या झोॲन्थिडशी संबंध आला, पॅलिटॉक्सिनचा संशय आहे’ हे वाक्य असंच सांगा. सगळ्याच डॉक्टरांना याची कल्पना नसते, म्हणून ते कागदावर लिहून खिशात ठेवा.