बार्थ सिंड्रोम असलेल्या मुलाला घेऊन बडोद्याहून इंग्लंडला येताना

ताई, तुम्ही विचारलंत: मुलाला बार्थ आहे, यजमानांना इंग्लंडात तीन वर्षांची नोकरी मिळते आहे, तर बडोदं सोडावं का? मीही तिथल्याच दांडिया बाजारची, माझ्याही मुलाला हाच आजार आहे, आणि आम्ही आता ब्रिस्टलमध्ये राहतो. माझं उत्तर 'या' असंच आहे. फक्त पहिल्या दोन महिन्यांची सोय आधी करा, मगच विमानात बसा.

घरचे तुम्हालाही म्हणत असतील, "चरबीचा आजार आहे ना, मग तूप बंद करा." माझ्या सासूबाई वर्षभर म्हणत होत्या. तसं नाही हो. कार्डिओलिपिन नावाचा एक स्निग्ध घटक पेशींच्या ऊर्जाघरांच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या, आतल्या पडद्यात असतो. त्याला शेवटचा नीट आकार देणारं टॅफॅझिन नावाचं प्रथिन आपल्या मुलांत बिघडलेलं असतं. म्हणून हृदय आणि स्नायू थकतात, जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी कमी पडतात (यालाच न्यूट्रोपेनिया म्हणतात). ताटातल्या तुपाचा यात काही दोष नाही.

या पेशी कधी भरपूर असतात, कधी अचानक घसरतात. बडोद्यात एका डॉक्टरांनी नॉर्मल रिपोर्ट बघून तापातल्या माझ्या मुलाला घरी पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याला आयसीयूत ठेवावं लागलं. काल काउंट चांगला होता म्हणून आज ताप अंगावर काढायचा नाही. इथे सगळे सेल्सिअसमध्ये बोलतात: ३८ म्हणजे आपला १००.४. तेवढा ताप आला की थेट इमर्जन्सीत जा आणि पहिल्याच वाक्यात 'बार्थ, न्यूट्रोपेनिया' म्हणा.

ब्रिस्टलच्या मुलांच्या रुग्णालयात एनएचएसची, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेची, बार्थसाठी खास सेवा आहे. हृदय, रक्त, आहार, सगळी माणसं एकाच ठिकाणी भेटतात. पण तिथवर पोचायला आधी जीपीकडे, म्हणजे भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायचं, मग त्याचं पत्र, मग तारीख. आमच्या जीपीनं बार्थ हे नावही ऐकलं नव्हतं. म्हणून जनुकाचा अहवाल, हृदयाच्या सोनोग्राफीचे (इको) सगळे रिपोर्ट आणि तारखांसकट काउंट एका फाईलमध्ये आणा, वर तुमच्या डॉक्टरांच्या सहीचं इंग्रजीतलं एका पानाचं सार लावा. मुलाला न्यूट्रोफिल वाढवणारी जी-सीएसएफची इंजेक्शनं चालू असतील तर दोन महिन्यांचा साठा आणि डॉक्टरांचं पत्र हवंच. ती थंड पेटीत घालून हातातल्या बॅगेत ठेवा. मोठ्या सामानात गोठली तर वाया जाऊ शकतात.

पैशांचं सांगते. व्हिसाच्या वेळीच आरोग्य अधिभार एकरकमी भरावा लागतो: फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्यांना वर्षाला १,०३५ पौंड, अठराखालच्यांना ७७६. तुम्हा तिघांचे तीन वर्षांचे ८,५३८ होतात. कंपनी भरणार का, हे यजमानांना सही करण्यापूर्वी विचारायला सांगा. त्यानंतर रुग्णालयाचं बिल येत नाही, आणि इंग्लंडात सोळाखालच्या मुलांना प्रिस्क्रिप्शनची औषधं फुकट मिळतात.

घर ऑफिसजवळ बघू नका. मुलांची इमर्जन्सी असलेल्या रुग्णालयापासून रात्री टॅक्सीनं वीस मिनिटांत पोचता येईल असं बघा, भाडं थोडं जास्त पडलं तरी. नोकरी कुठल्या शहरात आहे ते कळवा, म्हणजे नेमक्या वस्त्या सांगता येतील. आणि ते एका पानाचं सार तयार झालं की आधी मला पाठवा. इथले डॉक्टर पहिल्यांदा काय शोधतात ते मला आता ठाऊक आहे.