तांदळात लिहिलेले नाव

मागील अंकात या सदरात सॉल क्रिप्के या अमेरिकी तत्त्वज्ञाच्या नामविचाराची ओळख करून दिली होती. विशेषनाम म्हणजे एखाद्या व्यक्तीविषयीच्या माहितीचे गाठोडे नव्हे, ते थेट त्या व्यक्तीकडेच बोट दाखवते, हे त्याचे मुख्य म्हणणे. 20, 22 आणि 29 जानेवारी 1970 या तीन दिवशी प्रिन्स्टन येथे, हातात लिखित मजकूर न घेता, एकोणतीस वर्षांच्या क्रिप्केने ते व्याख्यानांतून मांडले आणि पुढे 'नेमिंग अँड नेसेसिटी' या नावाने ते ग्रंथरूप झाले. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राने बरीच जागा घेतली आहे, पण ते पत्र त्या योग्यतेचे आहे.

प्रश्न : माझे लग्न 1979 साली झाले. सासरी ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने माझे नवे नाव लिहिले गेले आणि माहेरचे नाव त्या दिवसापासून मागे पडले. आता वडिलांच्या घराच्या वारसाहक्कासाठी एका कार्यालयात गेले असता, शाळेच्या दाखल्यावरील मुलगी आणि आधार कार्डावरील बाई एकच आहेत हे सिद्ध करा, असे मला सांगण्यात आले. त्यासाठी तीन खेपा झाल्या. क्रिप्के म्हणतो त्याप्रमाणे नाव ही केवळ माणसाला लावलेली खूण असेल, तर दोन खुणा एकाच बाईला लागलेल्या असताना 'मी म्हणजे मीच' हे सांगण्यासाठी प्रतिज्ञापत्र कशाला हवे? (एक वाचक, नौपाडा, ठाणे. नाव प्रसिद्ध न करण्याची विनंती.)

उत्तर : आपण ज्या प्रश्नापाशी तीन खेपा घातल्या, तेथूनच आधुनिक विश्लेषक तत्त्वज्ञानातील नामविचार सुरू होतो. 1892 साली गोटलोब फ्रेगे या जर्मन तत्त्वज्ञाने नेमके हेच विचारले होते. पहाटे पूर्वेला दिसणारी तेजस्वी चांदणी आणि सायंकाळी पश्चिमेला दिसणारी चांदणी हा एकच ग्रह, शुक्र, आहे. 'पहाटेची चांदणी म्हणजे पहाटेची चांदणी' हे वाक्य कोणाच्याही ज्ञानात भर घालत नाही. 'पहाटेची चांदणी म्हणजे सायंकाळची चांदणी' हे मात्र आकाश निरखून शोधावे लागले. वस्तू एकच, तर दोन वाक्यांत हा फरक कोठून आला? फ्रेगेचे उत्तर असे, की नावामागे वस्तू तर असतेच, शिवाय ती वस्तू आपल्यापुढे ज्या रीतीने येते ती रीत, म्हणजे त्या नावाचा आशय, हाही असतो. बर्ट्रंड रसेल आणखी पुढे गेला आणि आपण वापरतो ती बहुतेक विशेषनामे ही वेष पालटलेली वर्णनेच आहेत, असे म्हणू लागला.

हे पटण्यासारखे आहे, आणि सत्तर-पाऊणशे वर्षे ते बहुतेकांना पटलेलेही होते. त्यातील अडचण मराठी वाचकाला ज्ञानेश्वरांच्या उदाहरणावरून लवकर दिसेल. आपल्यापैकी पुष्कळांना ज्ञानेश्वरांविषयी खात्रीने सांगता येण्याजोगी गोष्ट एकच असते, ती म्हणजे त्यांनी शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली. आता 'ज्ञानेश्वर' या नावाचा अर्थच 'ज्ञानेश्वरी सांगणारे' असा असेल, तर 'ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली' हे वाक्य 'चौकोनाला चार कोन असतात' याच्या पंक्तीला जाऊन बसेल आणि त्याविषयी शंका घेणे म्हणजे भाषा न कळणे ठरेल. प्रत्यक्षात ज्ञानेश्वरीचे कर्ते ज्ञानदेव आणि अभंगांचे कर्ते ज्ञानेश्वर एक की दोन, यावर मराठीत शंभरहून अधिक वर्षांपूर्वी मोठा वाद झाला. त्या वादातील कोणाचेही म्हणणे आपण मान्य करू किंवा अमान्य करू, पण ते निरर्थक होते असे कोणी म्हणणार नाही.

क्रिप्केने स्वतः घेतलेले उदाहरण अधिक खोडकर आहे. अंकगणिताच्या अपूर्णतेचा सिद्धान्त मांडणारा, एवढीच कुर्ट गोडेलची माहिती एखाद्याला आहे. समजा, तो सिद्धान्त मुळात श्मिट नावाच्या कोणा अज्ञात माणसाने सिद्ध केला होता आणि गोडेलने तो आपल्या नावावर खपवला. (हे केवळ 'समजा' आहे, हे क्रिप्केनेही बजावून सांगितले आहे.) तर मग 'गोडेल' म्हणताना आपण आजवर नकळत श्मिटविषयी बोलत होतो काय? अर्थातच नाही. आपण गोडेलविषयीच बोलत होतो. फक्त चुकीचे बोलत होतो. माणसाविषयीची आपली सगळी माहिती चुकीची असूनही आपले बोलणे त्याच्याविषयीच असू शकते, हे क्रिप्केचे निरीक्षण मला त्याच्या सर्व युक्तिवादांत सर्वांत भक्कम वाटते.

मग नाव माणसाला धरून कसे राहते? क्रिप्के ज्या मूळ नामकरणाबद्दल बोलतो त्याला आपल्याकडे बारसे म्हणतात. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, बायका तिच्या पाठीत हलके धपाटे घालतात, आणि तेथून ते नाव तोंडातोंडी चालू लागते. पुढचा माणूस ते ज्याच्याकडून ऐकतो, त्याने ज्या व्यक्तीसाठी वापरले तिच्यासाठीच आपण वापरू, एवढा हेतू धरतो. त्याला बाकी काही ठाऊक नसले तरी चालते. आपल्याबाबतीत अशा दोन साखळ्या आहेत. एकीचे पहिले टोक माहेरच्या पाळण्याशी आहे आणि दुसरीचे त्या तांदळाच्या ताटाशी, आणि दोन्ही टोके एकाच व्यक्तीत रुतलेली आहेत.

आता आपल्या प्रश्नाचा गाभा. दोन्ही नावे आपलीच असतील, तर 'ही बाई म्हणजेच ती मुलगी' हे विधान खरे तर आहेच, शिवाय ते खोटे असणे शक्यच नाही, कारण स्वतःहून वेगळे असणे कोणालाही शक्य नसते. पण एखादी गोष्ट अटळपणे खरी असणे वेगळे आणि ती घरबसल्या, नुसता विचार करून कळणे वेगळे. या दोन गोष्टी तत्त्वज्ञांनी फार काळ एकत्र बांधून ठेवल्या होत्या, त्यांची गाठ क्रिप्केने सोडवली. आपल्या खिडकीमागील कारकुनाला दोन्ही साखळ्यांची शेवटची कडी तेवढी दिसते, एकीची दाखल्यावर आणि दुसरीची कार्डावर. त्या मागे जाऊन कोठे मिळतात हे त्याला नावांकडे नुसते पाहून कळणार नाही. प्रतिज्ञापत्र त्यासाठी असते. त्याने तिसरी खेप का घालायला लावली, याचे समर्थन मात्र क्रिप्केच्या ग्रंथात सापडत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. फ्रेगेचे कोडे यामुळे पूर्णपणे सुटते असे मला वाटत नाही, आणि क्रिप्केलाही वाटत नव्हते. आपल्या लग्नाच्याच वर्षी, 1979 साली, त्याने श्रद्धेविषयीच्या, म्हणजे एखादी गोष्ट खरी मानण्याविषयीच्या, कोड्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातील पिएर नावाचा फ्रेंच तरुण फ्रान्समध्ये असताना ऐकीव माहितीवरून 'लोंद्र (लंडनचे फ्रेंच नाव) सुंदर आहे' असे मानतो. पुढे तो लंडनच्या एका बकाल वस्तीत राहू लागतो, तेथेच इंग्रजी शिकतो आणि 'लंडन सुंदर नाही' असे मानू लागतो, पण हे शहर म्हणजेच लोंद्र हे त्याच्या कधी लक्षात येत नाही. लंडन सुंदर आहे असे तो मानतो की मानत नाही? त्याची बुद्धी तर शाबूत आहे. आपले एखादे माहेरचे शेजारी, ज्यांना ती पाळण्यातील मुलगी लाडकी आहे आणि कार्डावरील बाई मुळीच आवडत नाही, ते याच अवस्थेत असतील. क्रिप्केने हे कोडे मांडले आणि न सोडवता तसेच ठेवले.

प्रश्न : 'नवी मुंबई' या नावाला तर उघड अर्थ आहे. मग विशेषनामाला अर्थ नसतो असे कसे म्हणता येईल? (महाविद्यालयीन विद्यार्थी, नेरुळ)

उत्तर : नावात अर्थ दिसणे आणि त्या अर्थामुळे नाव लागू पडणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना मार्च 1970 मधली, म्हणजे क्रिप्केच्या व्याख्यानांना जेमतेम दोन महिने झाले होते. आपले शहर आता चांगले पन्नाशी ओलांडलेले आहे. ते शंभर वर्षांचे झाले, तेव्हाही 'नवी' हा शब्द खोटा पडला म्हणून गाडीवरची पाटी कोणी बदलणार नाही. जॉन स्टुअर्ट मिलने एकोणिसाव्या शतकात हेच इंग्लंडमधील डार्टमथ या गावाविषयी म्हटले होते. डार्ट नदीच्या मुखाशी वसले म्हणून ते डार्टमथ, पण उद्या नदीने पात्र बदलले तरी गावाचे नाव पुसले जात नाही. क्रिप्के या बाबतीत मिलच्या बाजूचा आहे. आमच्या ठाण्यात तीन पेट्रोल पंप नावाचा भाग आहे. त्यातला एखादा पंप बंद पडला, तर रिक्षावाला 'तीन पेट्रोल पंप आता नाही' असे म्हणेल, असे मला वाटत नाही.

नाव आणि वर्णन यांतील भेद मी लहानपणी माझ्या आजीकडून शिकलो. ती आजोबांचे नाव घेत नसे. जनगणनेचा माणूस आला की 'थोरल्याचे वडील' म्हणे आणि पुढचे सांगायला शेजारच्या मुलाला पुढे करी. आता पाहा : 'थोरल्याचे वडील कदाचित निपुत्रिकही राहिले असते' हे वाक्य ऐकायला चमत्कारिक असले तरी खरे आहे. आजोबांचे लग्नच झाले नसते, तर ते कोणाचेच वडील झाले नसते, पण ते स्वतः मात्र तेच राहिले असते. वर्णन परिस्थितीनुसार माणूस बदलते. नाव कोणत्याही कल्पित परिस्थितीत त्याच माणसाला धरून राहते. याला क्रिप्के दृढ निर्देशक म्हणतो. आजीने वर्णनाने कामापुरते बोट दाखवले होते, एवढेच.

साखळीची कल्पना सर्वत्र टिकते, असे मात्र समजू नये. गॅरेथ इव्हान्स या ब्रिटिश तत्त्वज्ञाने 1973 साली मादागास्करचे उदाहरण पुढे केले. ते नाव मुळात आफ्रिकेच्या मुख्य भूमीच्या एका भागाचे होते. मार्को पोलोने, म्हणजे ज्याच्या वर्णनात आपल्या ठाण्याच्या राज्याचाही उल्लेख आहे त्यानेच, ते गैरसमजाने बेटाला लावले आणि ते बेटालाच चिकटले. साखळी तुटली नव्हती, मूळ नाव कोणाला बदलायचे नव्हते, तरी ते सरकले. हा आक्षेप मला रास्त वाटतो. क्रिप्केने आपण सिद्धान्त नव्हे, अधिक बरे चित्र देत आहोत, असे म्हटले होते, त्यामुळे तो यातून काही अंशी सुटतो, पूर्ण नाही.

प्रश्न : मी विज्ञान शिकवतो. पाण्याचे रेणुसूत्र प्रयोगाने सापडले. मग क्रिप्के म्हणतो तसे ते 'अटळ सत्य' कसे? प्रयोगाचा निष्कर्ष वेगळाही आला असता. (एक शिक्षक, ऐरोली)

उत्तर : प्रयोगापूर्वी आपल्याला निष्कर्ष ठाऊक नव्हता, या अर्थाने 'वेगळाही आला असता' हे बरोबर आहे. पण सोन्याचे उदाहरण घ्या. गोखले रस्त्यावरील सराफ दागिना कसोटीच्या दगडावर घासतो, रेघेवर आम्लाचा थेंब सोडतो आणि रेघ टिकते का ते पाहतो. पिवळा रंग, चकाकी, वजन यांच्या आधारे आपण सोने ओळखतो, पण यांपैकी काहीच सोन्याचे सोनेपण नव्हे. एक ग्रॅमच्या दागिन्यात पिवळेपणा भरपूर असतो. सोने म्हणजे अणुक्रमांक 79 असलेले मूलद्रव्य. एखाद्या कल्पित जगात अणुक्रमांक वेगळा असलेला, पण हुबेहूब तसाच दिसणारा धातू असेल, तर तेथील सोने वेगळे आहे असे आपण म्हणणार नाही. ते सोने नाही असे म्हणू. पाण्याचेही तसेच. कळले प्रयोगाने, पण जे कळले ते अन्यथा असू शकत नाही.

हाच धागा पुढे नेऊन क्रिप्के म्हणतो, की माणसाला त्याच्या आईवडिलांवाचून दुसऱ्या कोणाच्या पोटी जन्म घेणे शक्य नव्हते. 'मी एखाद्या राजाच्या घरी जन्मलो असतो तर' हे आपण सहज बोलतो. त्याच्या मते तेथे जन्मलेला मुलगा 'मी' नसता, दुसराच कोणी असता. माझे मन येथे थोडे अडते, पण खोडायला युक्तिवाद सापडलेला नाही.

प्रश्न : मूळ ग्रंथ वाचावासा वाटतो. कोठून सुरुवात करावी? (वाचक, कळवा)

उत्तर : 1980 च्या स्वतंत्र आवृत्तीला क्रिप्केने लिहिलेली प्रस्तावना आधी वाचू नका, ती व्याख्यानांनंतर वाचली तरच उलगडते. बोललेली व्याख्याने असल्यामुळे भाषा सोपी आहे, मधूनमधून विनोदही आहेत. तर्कशास्त्राची चिन्हे जवळजवळ नाहीत, हे विशेष, कारण याच माणसाने शाळकरी वयात केलेले काम 1959 साली तर्कशास्त्राच्या नियतकालिकात छापले गेले होते. त्यानंतर विट्गेन्स्टाइन या तत्त्वज्ञावरील त्याचे 1982 चे छोटे पुस्तक घ्या. त्यात 68 आणि 57 यांची बेरीज 5 होते असे सुचवणारा एक संशयवादी भेटतो. आपण आजवर 'अधिक' म्हणताना त्याचाच चमत्कारिक नियम (लहान संख्यांची बेरीज नेहमीसारखी, मोठ्या संख्यांची मात्र 5) वापरत नव्हतो, हे आपल्याच पूर्वीच्या गणितांवरून त्याला दाखवून द्यायचे असते. दाखवता आले तर अवश्य कळवा. त्यासाठी पुढच्या अंकात जागा राखून ठेवतो.