यंत्रमानवांच्या मालिका आणि प्रेक्षकांचे तर्क : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागच्या अंकात या सदरात ‘वेस्टवर्ल्ड’ या अमेरिकी मालिकेचा परिचय करून दिला होता. श्रीमंत पाहुण्यांसाठी उभारलेले एक विस्तीर्ण उद्यान, त्यात जुन्या काळातल्या पश्चिम अमेरिकेचा देखावा आणि त्या देखाव्यात वावरणारे, माणसांपासून वेगळे ओळखू न येणारे अँड्रॉइड, असा तिचा विषय आहे. मालिकेत त्यांना होस्ट म्हणतात. पाहुण्यांनी त्यांना छळले किंवा मारले, तरी त्यांची दुरुस्ती करून, स्मृती पुसून, त्यांना पुन्हा त्याच गोष्टीत उभे केले जाते. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख चाहत्यांनी लढवलेल्या तर्कांवर, म्हणजे फॅन थिअरींवर आहे; म्हणून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. रहस्ये उघड केल्याशिवाय उत्तरे देता येणार नाहीत, तेव्हा ज्यांना मालिका पाहायची आहे त्यांनी हे पान नंतर वाचावे.

प्रश्न : आम्ही वसतिगृहातल्या मित्रांनी पहिले पर्व एकत्र पाहिले. तरुण, भिडस्त विल्यम आणि काळ्या पोशाखातला क्रूर म्हातारा हे एकच आहेत, हे शेवटच्या भागात कळले तेव्हा आम्ही थक्क झालो. पण एक सीनिअर म्हणाला की, लोकांनी हे सुरुवातीच्या भागांतच ओळखले होते. हे खरेच ओळखता येण्यासारखे होते, की कोणी आतली बातमी फोडली होती? (एक विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : ओळखता येण्यासारखे होते, आणि तेही केवळ लक्षपूर्वक पाहण्याच्या बळावर. मालिका २ ऑक्टोबर २०१६ रोजी सुरू झाली. विल्यम दुसऱ्या भागात उद्यानात येतो आणि तेव्हापासूनच हा तर्क चर्चेत होता. शेवटचा, दहावा भाग ४ डिसेंबरला दाखवला गेला आणि तो तर्क खरा ठरला. विल्यमच्या दृश्यांतले उद्यानाचे बोधचिन्ह आणि इतर दृश्यांतले बोधचिन्ह एकसारखे नाही, हे काही जणांच्या नजरेतून सुटले नाही. विल्यम आणि काळ्या पोशाखातला माणूस कधीच समोरासमोर येत नाहीत, हेही लोकांनी हेरले होते.

पाचव्या भागातला एक दुवा मला सर्वांत मोलाचा वाटतो. काळ्या पोशाखातला माणूस मरणाच्या दारात असलेल्या टेडी या होस्टला जगवण्यासाठी लॉरेन्स नावाच्या होस्टचा बळी घेतो आणि त्याचे रक्त टेडीला देतो. त्याच भागात पुढे विल्यम आणि मालिकेची नायिका असलेली होस्ट डोलोरेस पॅरायाह नावाच्या बेबंद गावात पोहोचतात, तेव्हा तिथल्या टोळीचा म्होरक्या म्हणून जो समोर येतो तो हाच लॉरेन्स असतो. यावर कोणी म्हणेल की, होस्टला दुरुस्त करून दुसरीकडे नेऊन ठेवता येते, आणि हा आक्षेप रास्त आहे. एकट्या लॉरेन्सवरून काहीच सिद्ध होत नाही. परंतु बोधचिन्हाचा फरक, दोघांची कधीही न होणारी भेट आणि लॉरेन्स हे तीनही धागे एकाच दिशेला ओढतात, आणि ती दिशा म्हणजे या दोन कथांमध्ये सुमारे तीस वर्षांचे अंतर आहे.

हा डाव अँड्रॉइडच्या कथेतच साधू शकतो, हे इथे ध्यानात घेण्यासारखे आहे. एरवी प्रेक्षक काळाचे भान चेहऱ्यांवरून ठेवतो. केस पिकले, सुरकुत्या पडल्या की वर्षे लोटली हे त्याला आपोआप उमगते. डोलोरेस मात्र तीस वर्षांपूर्वी जशी होती तशीच आजही आहे, आणि कथा तिच्या नजरेतून सांगितलेली असल्यामुळे प्रेक्षकाच्या हातून त्याचे नेहमीचे घड्याळच काढून घेतले जाते. आठव्या भागात होस्टच्या स्मृतीविषयी सांगितले आहे की, त्यांना जुनी घटना माणसासारखी अंधूक आठवत नाही. ती जशीच्या तशी पुन्हा घडते. त्याच भागात डोलोरेस विल्यमला घाबऱ्या आवाजात विचारते की, आपण ‘केव्हा’ आहोत, हे आत्ता घडते आहे का. तर्क मांडणाऱ्यांनी महिनाभर जो प्रश्न विचारला, तोच इथे कथेतले पात्र स्वतःच्या जीवाच्या आकांताने विचारते आहे. म्हणून या पर्वातली गुंतागुंत मला कृत्रिम वाटत नाही. ती डोलोरेसच्या दुःखाचाच भाग आहे.

प्रश्न : अशा मालिकांत प्रत्येक पात्र अँड्रॉइडच असणार, असे कोणी ना कोणी म्हणतेच. यात अभ्यासू तर्क कोणता आणि हवेतला कोणता, हे कसे ठरवावे? (एक शिक्षिका, परभणी)

उत्तर : आपल्याकडे याची कसोटी फार जुनी आहे. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी बजावून ठेवले की, या पाठात जो स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असे समजावे. मालिका ही काही ज्ञानेश्वरी नव्हे, पण शिस्त तीच आहे. जे संहितेत आहे त्याचा अर्थ लावणे हा वाचकाचा हक्क आहे. जे नाही ते घुसडून त्यावर इमला बांधणे म्हणजे नरोटी.

उद्यानाचे निर्माते डॉ. फोर्ड यांचा सहकारी बर्नार्ड याच्याविषयीचा तर्क या कसोटीला उतरला. बर्नार्ड हा होस्ट तयार करणाऱ्या विभागाचा प्रमुख, शांत आणि मुलाच्या मृत्यूने खचलेला. तो स्वतःच होस्ट असावा असे अनेकांना वाटत होते. सातव्या भागात तो उद्यानाची अधिकारी असलेल्या थेरेसाला एका जुन्या घरात नेतो. ती भिंतीतल्या दाराकडे बोट दाखवून पलीकडे काय आहे असे विचारते, आणि बर्नार्ड शांतपणे विचारतो, ‘कोणते दार?’ दार प्रेक्षकाला दिसते, थेरेसाला दिसते, फक्त त्याला दिसत नाही, कारण ते न पाहण्याची आज्ञा त्याच्या रचनेतच आहे. त्या दोन शब्दांसरशी त्याचे आधीचे प्रत्येक दृश्य वेगळे दिसू लागते आणि मुलाचे दुःखसुद्धा कोणीतरी त्याच्यात भरलेले होते, हे पुढे कळते तेव्हा जीव हळहळतो. याउलट, हे उद्यान दुसऱ्या ग्रहावर आहे, असाही एक तर्क होता. त्याला ठोस आधार नव्हता, आणि तो खरा निघाला असता तरी डोलोरेस, बर्नार्ड किंवा मेव्ह ही आणखी एक होस्ट यांच्याविषयी आपल्याला नवे काहीच कळले नसते. माझ्या मते हा दुसरा दोष पहिल्याहून मोठा आहे.

प्रश्न : ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’मध्ये शेवटचे पाच सायलॉन कोण, यावर आम्ही बरेच डोके चालवले होते. नंतर वाचले की, लेखकांनीही ते आधी ठरवलेले नव्हते. मग आमच्या तर्कांना काय अर्थ राहिला? (एक वाचक, बीड)

उत्तर : आपली निराशा समजण्यासारखी आहे. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. २००३ च्या लघुमालिकेनंतर २००४ ते २००९ या काळात चाललेल्या या मालिकेत सायलॉन नावाचे यंत्रमानव माणसाचे रूप घेऊन उरल्यासुरल्या मानवजातीत मिसळलेले असतात. त्यांचे बारा प्रकार. सात कळलेले आणि पाच अज्ञात. २००७ मध्ये तिसऱ्या पर्वाच्या शेवटी अंतराळजहाजावरच्या चौघांनाच एक धून ऐकू येऊ लागते आणि आपण कोण आहोत हे त्यांना उमगते. पाचवी व्यक्ती म्हणजे जहाजावरच्या एका अधिकाऱ्याची बायको एलन टाय असल्याचे २००९ मध्ये उघड होते. मालिकेच्या सुरुवातीच्या पाट्यांमध्ये सायलॉनांकडे एक योजना आहे, असे प्रेक्षकाला वारंवार सांगितले जात होते. निर्माते रोनाल्ड मूर यांनी मात्र हे पाच जण पहिल्यापासून ठरलेले नव्हते, हे मोकळेपणाने सांगितले आहे.

योजना आहे असे सांगून ती नसणे ही प्रेक्षकाशी केलेली प्रतारणा आहे, असे मलाही वाटते. तरीही आपले श्रम वाया गेले असे मी म्हणणार नाही, कारण या मालिकेचे खरे बळ त्या कोड्यात नव्हतेच. पहिल्या पर्वात शॅरन व्हॅलेरी ही वैमानिक एकाएकी भानावर येते, तेव्हा तिचे कपडे ओलेचिंब असतात, पिशवीत स्फोटके असतात आणि मधल्या वेळात आपण काय केले हे तिला आठवत नाही. ती सायलॉन आहे हे आपल्याला लघुमालिकेतच कळलेले असते. इथे रहस्य असे काही उरलेले नाही, आणि तरीही भीती वाटते, कारण ती स्वतःलाच संशयित म्हणून पाहू लागली आहे. पुढच्या पाचांचा उलगडा असाच आतून व्हायला हवा होता. तो चौघांच्या बाबतीत काही अंशी साधला, एलनच्या बाबतीत साधला नाही.

प्रश्न : ‘वेस्टवर्ल्ड’मधल्या चक्रव्यूहाविषयीचे तर्क चुकले असे का म्हणतात? ज्युलियन जेन्सचा सिद्धांत खरा आहे का? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, लातूर)

उत्तर : अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ज्युलियन जेन्स यांनी १९७६ मध्ये असे मांडले की, प्राचीन माणसाला स्वतःच्या मनाचा आवाज देवाची आज्ञा म्हणून ऐकू येत असे आणि तो आवाज आपलाच आहे हे कळण्यातून आत्मभान जन्माला आले. मानवी मनाचा इतिहास म्हणून हा सिद्धांत सर्वमान्य नाही, आणि मालिकेत बर्नार्ड तो मोडीत निघाल्याचे म्हणतो तेव्हा फोर्डही ते नाकारत नाही. पण फोर्डचा भागीदार अरनॉल्ड याने होस्ट घडवताना या सिद्धांताचाच आराखडा वापरलेला असतो. काळ्या पोशाखातल्या माणसाप्रमाणेच बरेच प्रेक्षकही चक्रव्यूह म्हणजे एखादी गुप्त जागा समजून नकाशावर शोधत राहिले. तो होस्टच्या मनात होता. डोलोरेसला वाट दाखवणारा आवाज अखेरीस तिचा स्वतःचाच निघतो. दहाव्या भागाला जेन्स यांच्या संकल्पनेचेच नाव दिलेले आहे.

प्रश्न : हा यंत्रमानवांचा सगळा विचार पाश्चात्त्यच ना? (एक ज्येष्ठ वाचक, जालना)

उत्तर : मुळीच नाही. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त कथानायक राजपुत्र नरवाहनदत्त एका नगरात पोहोचतो. तिथले नागरिक, बाजारातले लोक, सगळे लाकडाचे असतात आणि जिवंत माणसांसारखे हिंडतात-फिरतात. फक्त त्यांना वाचा नसते. ते घडवणारा राज्यधर नावाचा कारागीर त्या नगरात एकटाच राहतो. हा ग्रंथ ज्या बृहत्कथेवरून रचला, ती गुणाढ्याची, आणि गुणाढ्य परंपरेने आपल्या पैठणचा, सातवाहन राजाच्या दरबारातला.

प्रश्न : ‘वेस्टवर्ल्ड’ अर्धवट बंद झाली. आता शेवटाविषयी केलेल्या तर्कांची शहानिशा कशी व्हायची? (एक वाचक, हिंगोली)

उत्तर : निर्मात्यांकडून ती होणार नाही, हे मान्य करावे लागेल. चौथे पर्व २०२२ च्या उन्हाळ्यात आले आणि नोव्हेंबरमध्ये मालिका थांबवल्याचे जाहीर झाले; कर्ते जोनाथन नोलन आणि लिसा जॉय यांच्या मनात पाचवे पर्व होते. दुसऱ्या पर्वापासून प्रेक्षकांना चकवण्याच्या हौसेपायी कथा अकारण किचकट होत गेली, असे माझे स्पष्ट मत आहे. बर्नार्डच्या आठवणींचा क्रम विसकटून टाकण्याला डोलोरेसच्या प्रश्नाइतके बळ कधीच आले नाही.

शेवटच्या भागात पृथ्वीवरची माणसे संपत आलेली असतात आणि डोलोरेस आपल्या आभासी जगात जुने उद्यान पुन्हा उभे करून एक अखेरची परीक्षा घ्यायचे ठरवते. ती परीक्षा कोणाची, यावर दोन मते आहेत. मला असे वाटते की, या वेळी उद्यानात फिरणारी पात्रे म्हणजे तिच्या आठवणीतून पुन्हा घडवलेली माणसे असणार आणि पाहणारी ती असणार. याला आधार मालिकेतच आहे. अरनॉल्ड हयात नसताना त्याची नक्कल असलेल्या बर्नार्डला तिने आपल्या आठवणीतून पारखून पुन्हा घडवले होते, आणि चौथ्या पर्वात माणसेच ठरलेल्या गोष्टीत बांधलेली व होस्ट त्यांचे धनी अशी उलटापालट झालेली दिसतेच. याला छेद देणारे एखादे दृश्य कोणाच्या ध्यानात असेल तर भाग आणि प्रसंग नमूद करून लिहावे. पुढच्या अंकात ते पत्र आधी छापू.